वरच्या पाण्याची बातमी

पहिल्यांदा तो आवाज कानावर पडला तेव्हा मला वाटलं, माझ्याच हातनं सेट बिघडला. सकाळचे आठ वाजत आले होते. सदलग्याच्या पेठेतल्या माझ्या टपरीत एका गिऱ्हाइकाचा तीन बँडचा रेडिओ दुरुस्त करून ठेवला होता आणि मी त्याचा काटा हळूहळू सरकवत होतो. शॉर्ट वेव्हवर दोन स्टेशनांच्या मधल्या ओसाड जागेत बदकं भांडावीत तसा आवाज आला. कोणीतरी बोलत होतं एवढं कळत होतं, कारण मध्ये दम घेतला जात होता. पण शब्द म्हणून एकही उमटत नव्हता.

काटा असा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवल्याशिवाय सेट गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा नाही, ही माझ्या उस्तादांची शिस्त. उस्ताद निपाणीचे. मी मूळचा परभणीकडचा. बहात्तरच्या दुष्काळात आठवी अर्धी टाकून खडी फोडायला गेलो आणि तिथून एका मुकादमाच्या मागं मागं निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत आलो. वखारीतला खकाणा, तंबाखूची ती बारीक धूळ, माझ्या छातीला मानवेना. खोकून खोकून बेजार झालेल्या मला उस्तादांनी दुकानाच्या पायरीवर बसलेलं पाहिलं आणि आत बोलावून पाणी दिलं. त्या पाण्यानंतर मी सहा वर्षं त्यांच्याकडेच राहिलो. पुढं त्यांनीच सांगितलं की सदलग्यात रेडिओ बघणारा कोणी नाही, तू तिथं बस. खोलीही त्यांनीच त्यांच्या ओळखीनं बघून दिली.

ती खोली आप्पा आणि आक्कांच्या घरातली. त्यांच्या दोन्ही मुली लग्न होऊन कोल्हापूरकडं गेलेल्या. घरात ही दोघंच, आणि नदीकाठच्या रानात दोन म्हशी. पहिल्या दिवशी आक्कांनी विचारलं, "जेवून घेतोस न्हवं?" मी म्हणालो, "कामून उगा तरास?" त्यावर आप्पा हसून हसून खोकायला लागले. "कामून म्हंजी काय रं? तुमच्याकडं जेवाय घालतानं कारण सांगाय लागतंय व्हय?" त्या दिवसापासून माझं ताट त्यांच्या ताटांशेजारी पडायला लागलं. का पडलं, हे मी मनात पुष्कळदा विचारलं. माझ्यासारख्याला कोणी काही दिलं की ते परत मागतील अशी धास्ती आधी वाटते. तिथं तशी वेळ कधी आली नाही.

बाजाराला निपाणीला गेलो तेव्हा उस्तादांना त्या बदकांबद्दल सांगितलं. ते म्हणाले, "ते बिनतारी खात्यांचं बोलणं. छाटून पाठवित्यात, म्हणून आपल्या डब्यात उमजत न्हाय. दुसरा रेडिओ त्याच्या शेजारी ठेव आणि त्याचा काटा थोडा अलीकडं आण. त्यातनं निसटणारी लहर हेच्यात मिसळली की बोल फुटंल." मग आवाज खाली आणून म्हणाले, "पण ऐकलं ते पोटात ठेव. लायसनच्या पुस्तकावर काय लिवलंय ते वाचलंयस का?"

मी वाचलं होतं: आपल्यासाठी नसलेलं बिनतारी बोलणं ऐकणं किंवा कोणाला सांगणं गुन्हा. मी लायसनचं पुस्तक दर वर्षी दोनदा वाचत असे. तरीही मी दोन जुने डबे खोलीवर आणले, कौलावरून शेवग्याच्या झाडापर्यंत तांब्याची तार ओढली आणि कानात घालायची नळी जोडली. तीन दिवस सकाळी काटे केसभर अलीकडं, केसभर पलीकडं करत बसलो. चौथ्या दिवशी बदकाच्या गळ्यातून माणूस बाहेर आला.

"पातळी पाच चार एक, दशांश दोन शून्य. पाऊस छप्पन्न. ओव्हर."

"घेतलं. पुढचं ठाणं बोला."

मराठीच! मी परदेशी जहाजं, विमानं, काय काय कल्पना केली होती, आणि हा तर आपलाच कोणी सर्दी झालेला माणूस आकडे वाचत होता. त्यानंतर दुसरा, मग तिसरा. सगळं दहा मिनिटांत संपलं. संध्याकाळी पाचला पुन्हा तेच.

चार-पाच दिवस ते आकडे वहीत उतरवले. पातळी कशाची, कुठली, ते समजेना. शेवटी न राहवून आक्कांना सांगितलं, आणि ते बोलतात त्या ठाण्यांची नावं वाचून दाखवली. त्या भाकरी थापत होत्या. हात तसेच पिठात ठेवून म्हणाल्या, "परत सांग." मी परत सांगितलं. "आरं, मधलं ते माझ्या म्हायेरच्या अलीकडचं गाव. वरचंबी आमच्या नदीवरचंच. दूधगंगा तिकडनंच येती न्हवं का. म्हंजी वरच्या पाण्याची बातमी की रं ही!"

माझ्या गावाकडं पाणी म्हणजे विहिरीच्या तळाला दिसणारी ताटलीएवढी चकाकी. नदीला वर आणि खाली असतं, वरच्या गावात आज चढलेलं पाणी खालच्या गावात उद्या येतं, हे मी त्या चुलीपुढं बसून शिकलो. आक्का रोज सकाळी घाटावर जात आणि पाण्याबाहेर किती पायऱ्या राहिल्या ते मोजून येत. नदीकाठच्या बायका बोलता बोलता हे मोजतात. त्यात विशेष काही आहे असं त्यांना वाटतही नाही. मी वहीत एका बाजूला वरचे आकडे आणि दुसऱ्या बाजूला आक्कांच्या पायऱ्या लिहायला लागलो. पावसाळा संपेपर्यंत माझा हिशेब बसला. वर एवढं चढलं की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत इथं एवढ्या पायऱ्या जातात. वर उतरलं की इथं उतरतं. पुढच्या वर्षीही तो हिशेब एकदाही चुकला नाही.

हे फक्त घरातल्या आम्हा तिघांना ठाऊक होतं. आक्का मात्र शेजारणींना सांगायच्या, "मला आपलं वाटतंय, उद्या दोन पायऱ्या चढंल." तसंच व्हायचं. बायका म्हणायच्या, "हिच्या सपनात नदी येऊन सांगती बाई." आक्का माझ्याकडं बघायच्याही नाहीत आणि गंभीर तोंड करून, "येती की. चहाबी पिऊन जाती," म्हणायच्या. मी आत नळी कानात घालून हसायचो. शाळेत मास्तरांनी काही विचारलं की मान खाली घालणारा मी, आणि आता गावात कोणालाच ठाऊक नाही असं काहीतरी मला ठाऊक होतं. त्याचा मला माज आला होता, असं आज लिहायला हरकत नाही. तेव्हा त्याला मी उपकाराची फेड म्हणत होतो.

तिसऱ्या वर्षीचा पावसाळा जोराचा होता. नदीकाठच्या गाळाच्या रानाला तिकडं मळी म्हणतात. आप्पांचं मळीत छप्पर होतं आणि म्हशी तिथंच बांधलेल्या असत. गावातून तिकडं जायची गाडीवाट एका ओढ्यातून होती. घाटावर खालून मोजत वर आलं की मध्ये एक रुंद पायरी लागते. तिला पाणी लागलं की बायका नदीची ओटी भरतात, आणि ज्या दिवशी ओटी भरली त्याच दिवशी मळीतली जनावरं गावात वर आणायची, असा तिथला रिवाज. तो कोणी लिहून ठेवलेला नाही. ओटीचा नारळ पाण्यात पडला की पुरुष दावी सोडायला निघतात.

त्या दिवशी आक्का ओटी भरून आल्या, तेव्हा गल्लीतनं जनावरं चाललीच होती. आप्पा मळीतनं शिदोरी न्यायला आले होते आणि उंबऱ्यावर बसले होते.

"समद्यांची आली वर," आक्का म्हणाल्या. "तुमी हितं काय बसलायसा?"

"गाभण म्हस आज-उद्या याची हाय. गुडघाभर चिखलातनं कशी आणू? पाय घसरला तर दोन जीव जातील." मग ते माझ्याकडं वळले. "काय म्हणतंय रं वरचं पाणी?"

मी वही आणली. तिन्ही ठाण्यांवर आदल्या सकाळपासून पाणी उतरत होतं, पाऊसही थांबला होता. मी आकडे वाचून दाखवले आणि म्हणालो, "उतरतंय, आप्पा. उद्या सकाळपर्यंत इथल्या दोन पायऱ्या मोकळ्या होतील."

"नक्की?"

"नक्की."

आक्का म्हणाल्या, "ओटी भरलीया, आता जनावर तिथं ठेवू न्हाय." आप्पा म्हणाले, "आगं, दोन वरसं चुकलाय का त्यो एकदा तरी?" आणि शिदोरी, घोंगडं घेऊन मळीकडं निघाले. मला बरं वाटलं. माझ्या शब्दावर एक माणूस रिवाज मोडून चालला होता, आणि मला बरं वाटलं.

दुसऱ्या सकाळी आठला आकडे आले. अजून उतरले होते. मी नळी काढून अंगणात आलो, तर आक्का घाटाकडून येत होत्या. चालत नव्हत्या, पळत होत्या. त्यांना पळताना मी तोपर्यंत कधी पाहिलं नव्हतं.

"दोन पायऱ्या आणि गेल्या रं."

"असं होणार नाही, आक्का. आत्ता ऐकलं मी. वर उतरलंय."

"चल बघायला."

घाटावर माणसं जमली होती. पाणी खरंच वर आलं होतं, पण ते मला ठाऊक असलेलं पुराचं पाणी नव्हतं. त्याला ओढ नव्हती, आवाज नव्हता. घरात सांडलेलं पाणी सरकत यावं तसं ते पायरीवर चढत होतं. काडीकचरा, एक फुटका टोपला, मक्याची धाटं पाण्यावरून चालली होती, आणि ती खालून वर, पश्चिमेकडं चालली होती. मी दोनदा दिशा तपासली. शेजारी उभा असलेला एक म्हातारा कोणालाच उद्देशून म्हणाला, "किस्ना तुंबलीया. फुगवटा आलाय."

दूधगंगा खाली जाऊन कृष्णेला मिळते हे मी भूगोलात शिकलो असेन; आठवी पुरी केली असती तर कदाचित लक्षातही राहिलं असतं. कृष्णा भरून आली की ती दूधगंगेचं पाणी घेत नाही, आणि मग न घेतलेलं पाणी मागं फिरतं. सदलग्यातल्या पोराटोरांना हे ठाऊक होतं. ओटीचा रिवाज पाणी वरून येतं की खालून, हे विचारत नव्हता. पायरी भिजली की निघा, एवढंच सांगत होता. मी मात्र वरच्या तीन ठाण्यांना नदी समजत होतो.

ओढा रात्रीतच भरला होता. मळी म्हणजे एक तळं झाली होती आणि आप्पांच्या छपराचा वरचा भाग तेवढा लांबून दिसत होता. तिथं कोणी आहे की नाही, ते दिसत नव्हतं.

गुऱ्हाळावर उसाचा रस आटवायची मोठी लोखंडी काहील असते. पुरात तिकडं तीच नाव. दोघा पोहणाऱ्यांनी एक काहील पाण्यात लोटली, लांब कळकाच्या काठ्या घेतल्या आणि मोटेचे जुने नाडे, म्हणजे जाड दोर, एकाला एक गाठून तिला बांधले. मी पुढं झालो. "मी येतो."

"पवायला येतंय का?"

"नाही."

"मग हितंच ऱ्हा आणि रेडू वाजीव." कोणी हसलं नाही. त्याला माझ्या ऐकण्याबद्दल काही ठाऊक नव्हतं. माझा धंदा तो म्हणून बोलला.

काठावरच्या माणसांबरोबर मी नाडा धरला. काहील गिरक्या खात लांब गेली, नाडा हातातून सरत गेला आणि अर्ध्या वाटेत संपला. "सोडा!" तिकडून ओरडले. बाकीच्यांनी सोडला. मी सोडेना. शेवटची गाठ माझ्या मुठीत होती आणि मुठी उघडत नव्हत्या. आक्का जवळ आल्या. त्यांनी माझी बोटं एकेक करून सोडवली. "जाऊ दे त्येस्नी," म्हणाल्या. त्यांचे हात माझ्यापेक्षा गरम होते.

त्यानंतरचा तास-दीड तास मी काय केलं ते आठवत नाही. आक्का पायरीवर बसून होत्या, पदर तोंडात धरून. त्यांनी मला दोष दिला असता तर आधार झाला असता.

काहील परत येताना दिसली तेव्हा आधी तिच्यामागं पोहत येणारं एक म्हशीचं डोकं दिसलं. मग आप्पा. ते काहिलीत उकिडवे बसले होते आणि घोंगडं त्यांनी स्वतःभोवती न घेता मांडीवरच्या कशाभोवती तरी गुंडाळलं होतं. काठाला लागल्यावर कळलं, ते रेडकू होतं. म्हैस पहाटे व्याली. पाणी गुडघ्याला लागल्यावर आप्पांनी दोघींची दावी तोडली. मोठी पोहायला लागली. व्यालेली मात्र रेडकापासून हलेना. आप्पा रेडकू घेऊन छपरावर चढले, तर ती खालीच, मान वर करून, उभी राहिली, पाणी तिला उचलेपर्यंत. मग ती दिसली नाही.

लोकांनी आप्पांना वर घेतलं. त्यांचे दात वाजत होते. गर्दीतून एकजण म्हणाला, "आप्पा, एवढी वरसं काढलीसा नदीवर. ओटी भरल्यावर मळीत ऱ्हाणारा माणूस मी आजच बघितला. कुणाच्या भरवशावर ऱ्हायलासा?"

मी तोंड उघडलं. खरं सांगतो, मी सांगणार होतो. आप्पांनी माझ्याकडं पाहिलं आणि त्या माणसाला म्हणाले, "म्हस याला झालती. माझ्या मनानं ऱ्हायलो." मग मला म्हणाले, "उभा काय ऱ्हायलास? घरला जाऊन कोरडं धोतर आण."

मी धोतर आणायला गेलो. परत येईपर्यंत बोलणं दुसरीकडं वळलं होतं. आप्पांच्या अडाणीपणाचा गावानं पुढं महिनाभर चहाबरोबर निकाल लावला, आणि मी पेठेत बसून तो ऐकला.

रेडकाला आक्कांनी बोंडल्यानं दूध पाजलं. आठव्या दिवशी ते गेलं. आप्पांची छाती भरली होती. तापात पडले होते. त्या दिवशी मी त्यांच्या पायाशी बसलो आणि म्हणालो की मी माझं सामान बांधतोय, गावात सांगून मगच जाईन.

त्यांनी डोळे उघडले. "काय सांगणार?"

"की मी आकडे सांगितले म्हणून तुम्ही राहिलात."

"आणि आकडं कुठनं आणलंस म्हणून इचारलं म्हंजी? चौकीत जाऊन बसणार?" त्यांना बोलताना दम लागत होता. "तुजा आकडा खोटा हुता का? न्हवता. तू लांबचा. तुला किस्ना म्हाईत न्हाय. मला तर म्हाईत हाय न्हवं? मला म्हशीला चिखलातनं आणायचं न्हवतं, म्हणून मी तुला इचारलं. मला पायजे ते तू बोललास." मग म्हणाले, "आणि सामान बांधून जाणार कुठं? दगडं फोडाय?"

आक्का दारात होत्या. त्या फक्त म्हणाल्या, "दोघंबी गप ऱ्हावा आता. कढी निवालीया."

मी गेलो नाही. आणखी नऊ वर्षं त्या घरात राहिलो. आप्पांची छाती पहिल्यासारखी झाली नाही. मळीतलं छप्पर त्यांनी पुन्हा उभं केलं नाही आणि उरलेली म्हैस लेकीकडं धाडली. आता दोघंही नाहीत. म्हणून हे लिहितो. आप्पा अडाणीपणानं राहिले नव्हते. त्यांना मी 'नक्की' म्हणालो होतो.

त्यानंतर मी कृष्णेच्या ठाण्यांचं बोलणं शोधायला पुष्कळ काटा फिरवला. कधी लागलं नाही. पुढच्या पावसाळ्यात वहीला हात लावायचा नाही असं ठरवलं होतं, पण एका सकाळी आठच्या आधी आप्पा काठी टेकत खोलीत आले आणि तारेखाली येऊन बसले. "लाव की," म्हणाले. मी लावला. नळी काढून आवाज मोकळा सोडला. तिन्ही ठाणी बोलून झाली. पाणी उतरत होतं. मी ते वाचून दाखवलं, पण पायऱ्यांचा अंदाज सांगितला नाही.

आप्पा उठले. "चल. आता खालचं बघू."

आम्ही सावकाश घाटावर गेलो. त्यांना तीनदा थांबावं लागलं. शेवटच्या कोरड्या पायरीवर ते बसले, कडेच्या गवताची एक काडी तोडली आणि मला दिली. मी ती पाण्यावर सोडली. काडी जागच्या जागी फिरली, पायरीला घासली आणि तशीच राहिली. आम्ही दोघंही तिच्याकडं बघत होतो. मग तिचं एक टोक वळलं, ती पायरीपासून सुटली आणि खाली, पूर्वेकडं चालायला लागली.

"घेतीया किस्ना," आप्पा म्हणाले. पण उठले नाहीत. काडी दिसेनाशी होईपर्यंत त्यांनी मला तिथं बसवून ठेवलं.